हॅरी पॉटर चौथ्यांदा वाचून झालं, आता लेकीच्या हातात काय देऊ?

खाडीपलीकडची

माझी लेक आठवीत आहे. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. हॅरी पॉटरचे सातही भाग तिचे चार वेळा वाचून झालेत आणि गणपतीच्या सुट्टीत पाचवी फेरी सुरू झाली. चौथ्या भागाचा कणा उकलला, त्याला मी दोनदा डिंक लावून दिला.

गेल्या सहा महिन्यांत तिला तीन पुस्तकं आणून दिली. ‘हॅरी पॉटर आवडलं असेल तर हे वाचाच’ अशा याद्यांमधून निवडली होती, तिन्ही जादूच्या शाळेची. एकही चाळीस पानांपुढे गेलं नाही. “आई, हे तेच आहे गं, फक्त नावं बदललीत,” म्हणाली आणि परत आपल्या हॅरीकडे वळली.

त्यात मागच्या पालकसभेत बाईंनी सांगितलं की हे जादूचं वाचन आता पुरे, पुढच्या वर्षी नववी आहे, काहीतरी ज्ञान वाढवणारं द्या. तिच्या देखत सांगितलं. रिक्षातून घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मला फार वाईट वाटलं. मूल तासन् तास पुस्तकात डोकं घालून बसतंय, ती सवय मला मोडू द्यायची नाही. कृपया सुचवा. इंग्रजी चालेल, मराठीत काही मिळालं तर जास्तच आनंद.

नौपाडाकर

सुचवण्याआधी एक विचारतो. सातांपैकी कुठला भाग ती सगळ्यात जास्त वेळा उघडते? आणि त्यातली कुठली पानं?

खाडीपलीकडची

तिसरा. हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं, आत्ता तिला विचारून आले. त्यातला तो नकाशा तिला आवडतो, ज्यावर किल्ल्यातलं प्रत्येक माणूस नावासकट चालताना दिसतं. तिने आमच्या सेक्टरचा तसाच नकाशा काढलाय: नाला, उद्यान, इस्त्रीवाल्याची टपरी, कुत्री कुठे झोपतात ते. कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलाय. मला वाटायचं भूगोलाचा प्रकल्प आहे.

येऊरचा_पाऊस

ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या कपाटाच्या दारावर चिकटवलेलं आहे.

घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीत सहा वर्षं दर रविवारी सकाळी मी मुलांना घेऊन बसते. दहा ते पंधरा वयाची मुलं, कधी चार येतात, कधी चौदा. सुरुवातीला मीही याद्यांवरूनच पुस्तकं द्यायचे आणि ती तशीच परत यायची. हळूहळू कळलं की ‘हॅरी पॉटर आवडतं’ हे वाक्य प्रत्येक मुलाच्या तोंडी वेगळं असतं. एकाला त्यातला चावटपणा आवडतो, जुळ्या भावांच्या खोड्या. त्याला मी जॉनथन स्ट्राउडचं ‘द अॅम्युलेट ऑफ समरकंद’ दिलं. त्यातला जिन्न गोष्ट सांगता सांगता तळटीपांमधून आपल्या मालकाची खिल्ली उडवत राहतो. तो मुलगा आधी तळटीपा वाचायचा आणि मग पान. दुसरीला सगळ्या जगाने टाकलेल्या मुलाला कुणीतरी न्यायला येतं, एवढंच हवं होतं. तिच्यासाठी मिखाएल एन्डेचं ‘द नेव्हरएन्डिंग स्टोरी’. मूळ जर्मन पुस्तक 1979 चं. आई गेलेला, शाळेत छळ सोसणारा बास्टियन एक पुस्तक चोरतो, माळ्यावर लपून वाचतो आणि वाचता वाचता त्यात ओढला जातो. मूळ आवृत्ती दोन रंगांच्या शाईत छापली होती, आपलं जग लाल अक्षरांत आणि गोष्टीतलं जग हिरव्या.

जादूच्या शाळेवरून जादूची शाळा सुचवली की मुलाला नक्कल मिळते. म्हणून ते कुठल्या पानावर थांबतं ते बघायचं आणि त्या पानाचं नातेवाईक शोधायचं.

तुमची लेक नकाशावर थांबते. तिला अर्सुला ले ग्विन यांचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ द्या. 1968 चं पुस्तक, जेमतेम दोनशे पानांचं. एका प्रकाशकाने त्यांच्याकडे मोठ्या मुलांसाठी काहीतरी मागितलं, तेव्हा ले ग्विन यांनी आधी नकाशा काढला. समुद्रात विखुरलेली शेकडो बेटं, प्रत्येकाला नाव. मग गोष्ट त्या बेटांवरून चालत गेली. नायक गेड हा शेळ्या राखणारा पोर, तांबूस-सावळ्या वर्णाचा. हे मुद्दाम सांगते, कारण पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं असूनही कित्येक वर्षं मुखपृष्ठांवर तो गोरा दाखवला जायचा आणि लेखिकेने त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती. आमच्या गटातल्या एका सावळ्या मुलीने ते वर्णन दोनदा वाचून घेतलं होतं.

आणि त्या जगातली जादू नावांची आहे. प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरं नाव असतं, आणि ते ज्याला कळलं त्याची तुमच्यावर सत्ता चालते. म्हणून लोक चारचौघांत वेगळं नाव लावतात आणि खरं नाव अगदी जिवाभावाच्या माणसालाच सांगतात. गेडला ते मिळतं तेराव्या वर्षी, थंड ओढ्यातून चालत पलीकडे गेल्यावर. हे वाचलं त्या रविवारी एका मुलाचे आजोबा मागे खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, “अरे, मग तुलाही आहे की. तुझं नावरस नाव.” पत्रिकेतल्या चरणाच्या अक्षरावरून ठेवलेलं नाव. त्यांच्या घरात ते बाहेर कुणाला सांगत नसत. बारशाला आत्या कानात नाव सांगते, तेही त्यांनी सांगितलं. त्या दिवशी घरी गेल्यावर सगळ्या पोरांनी आयांना पत्रिका काढायला लावल्या!

एक मात्र करा. पुस्तक नुसतं हातात देऊ नका. पहिलं प्रकरण तुम्ही मोठ्याने वाचा. सुरुवातीची पानं संथ आहेत, जुन्या पोथीसारखी. प्रकरणाच्या शेवटाकडे गेड गावावर चालून आलेल्या लुटारूंना धुक्यात गुंडाळतो. तिथवर वाचा आणि उठून स्वयंपाकाला जा. पुढचं ती बघेल.

ठाणेपूर्व

+१. पहिलं प्रकरण मोठ्याने वाचण्याला तर दहा वेळा +१.

कळव्याचा_पूल

येऊरताईंशी थोडा असहमत. ‘अर्थसी’ मलाही अतिशय प्रिय आहे, पण माझ्या मुलाने ते वीस पानांत मिटलं, मोठ्याने वाचूनसुद्धा. त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरं वाचणंच अवघड जातं. लांब, शांत वाक्यं त्याला दमवतात. अशा मुलांचे पालक हा धागा वाचत असतील तर त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

आमच्याकडे दार उघडलं ते रिक रायर्डन यांच्या ‘पर्सी जॅक्सन’ने. पहिला भाग ‘द लाइटनिंग थीफ’, 2005. रायर्डन शिक्षक होते. त्यांच्या मुलाला डिस्लेक्सिया आणि एडीएचडी (लक्ष एका जागी टिकत नाही, स्वस्थ बसवत नाही) असल्याचं निदान झालेलं, आणि त्याला झोपताना सांगायला त्यांनी ही गोष्ट रचली. म्हणून नायकालाही तेच आहे. पुस्तकात त्याचं कारण असं दिलंय की अक्षरं तरंगतात, कारण या मुलाचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचायला घडलेला आहे, आणि एका जागी बसवत नाही, कारण तो रणांगणासाठी घडलेला आहे. माझ्या मुलाने हे वाचलं आणि पुस्तक उपडं ठेवून माझ्याकडे बघत राहिला. तोवर त्याला डिस्लेक्सियाबद्दल आम्ही, डॉक्टरांनी, समुपदेशकांनी खूप समजावलं होतं. पण हा मुलगा ज्यात शूर आहे अशी गोष्ट त्याला कुणी दिली नव्हती.

प्रकरणं छोटी, संवाद भरपूर, दर पाच पानांना काहीतरी घडतं. आम्ही ऑडिओबुक लावून, समोर छापील पुस्तक धरून वाचलं. ठाणे ते सीएसएमटी धीम्या लोकलमध्ये जवळजवळ एक प्रकरण संपायचं. आता तो चौदा वर्षांचा आहे आणि मूळ मालिकेचे पाचही भाग झालेत.

याच रायर्डन यांच्या पुढाकाराने निघालेल्या मालिकेत रोशनी चोक्शी यांचं ‘अरू शाह अँड द एन्ड ऑफ टाइम’ आहे, 2018 चं. अटलांटातल्या संग्रहालयात राहणारी बारा वर्षांची मुलगी, शाळेतल्या मुलींसमोर फुशारकी मारायला एक शापित दिवा पेटवते आणि काळ थांबतो. पुढे कळतं की पांडवांचे आत्मे या पिढीत मुलींमध्ये जन्माला आलेत. महाभारत घरात ऐकलेल्या मुलांना यात फार मजा येते, कारण लेखिका कुठे वळणार ते त्यांना दोन पावलं आधी कळतं.

येऊरचा_पाऊस

पूलदादा, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. माझ्या गटात अशी मुलं फारशी आली नाहीत, त्यामुळे मला हा अनुभव नव्हता. ऑडिओ लावून समोर पुस्तक धरायची पद्धत पुढच्या रविवारपासून करून बघते.

चांदोबाचा_वर्गणीदार

मराठीत काय आहे असं विचारलंत म्हणून लिहितो. वय 71, मुक्काम ठाणे, चरईत बालपण गेलं.

आमच्या लहानपणी अद्भुत गोष्ट महिन्यातून एकदा टपालाने घरी यायची. ‘चांदोबा’ मराठीत 1952 पासून निघू लागला. लोकांना त्यातला विक्रम-वेताळ आठवतो, खांद्यावर प्रेत घेतलेल्या राजाचं ते चित्र. मला आठवतात त्यातल्या क्रमशः कादंबऱ्या. मांत्रिक, गुहा, उडते राक्षस, आणि महिनाभर जीव टांगणीला. पोस्टमन दिसला की आम्ही चौघं भावंडं जिन्यावरून धावायचो, जो आधी पोचेल तो आधी वाचणार.

कादंबरी म्हणाल तर नाथमाधवांची ‘वीरधवल’. शंभर वर्षांहून जुनी. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणून वाचली होती. ही संस्था 1893 ची, आणि आम्हा मध्यमवर्गीय पोरांना पुस्तकं विकत घेणं परवडत नसताना तिने आम्हाला वाढवलं, हे मी आयुष्यभर विसरणार नाही. ‘वीरधवल’ची भाषा आजच्या मुलांना जड जाईल. माझ्या नातवाला मी रोज रात्री दहा पानं वाचून दाखवली, अवघड शब्द तिथल्या तिथे सोडवत. तीन आठवडे लागले, पण शेवटच्या रात्री तो पांघरुणातून उठून बसला होता.

आणखी एक गोष्ट तुमच्या लेकीला सांगाच. ‘कथासरित्सागर’ या जुन्या संस्कृत कथासंग्रहाच्या सुरुवातीला गुणाढ्याची कथा येते. सातवाहन राजाच्या पदरचा हा पंडित, आणि त्या राजांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. एका पैजेत हरला म्हणून त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा सोडल्या. रानात जाऊन ‘पैशाची’ नावाच्या, पिशाच्चांची मानलेल्या भाषेत, स्वतःच्या रक्ताने, सात वर्षांत सात लाख श्लोकांची कथा लिहिली. राजाने ती असल्या भाषेत लिहिलेली म्हणून नाकारली. तेव्हा गुणाढ्याने डोंगरावर अग्नी पेटवला, आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकू लागला. हरणं, रानडुकरं चरणं विसरून भोवती डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसली. इकडे राजाच्या पानात येणारं मांस शुष्क होऊ लागलं, कारण रानातलं कुठलंच जनावर खात नव्हतं. कारण शोधत राजा तिथे पोचला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरला एक लाख.

अद्भुतकथा म्हणजे वेळेचा अपव्यय असं जेव्हा जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला तो राजा दिसतो.

खाडीपलीकडची

काका, हे वाचताना घसा दाटून आला. आज रात्रीच सांगते.

नौपाडाकर

वर्गणीदारकाकांनी मराठीचा विषय काढलाय म्हणून माझी खंत मांडतो. आज तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी मराठीत मूळ लिहिलेली, तीनशे पानांची, स्वतःचं जग उभं करणारी अद्भुत कादंबरी शोधायला गेलं की हात रिकामे राहतात. लहानांसाठी राक्षस-पऱ्या आहेत, मोठ्यांसाठी धारपांच्या भयकथा आहेत. मधल्या वयाला आपण शिवचरित्र आणि शास्त्रज्ञांची चरित्रं देतो. ती द्यावीतच. पण त्या वयात मुलाला ड्रॅगनही हवा असतो आणि तो ड्रॅगन आपण इंग्रजीवर सोपवला. मग मूल स्वप्नंही इंग्रजीत बघतं यात नवल ते काय.

म्हणून अनुवादांना मी फार मोल देतो. हॅरीच्या पहिल्या भागाचं मराठी नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. इंग्रजीत फिलॉसॉफर्स स्टोन म्हणजे काय ते मुलांना समजावून सांगावं लागतं. परीस म्हटल्यावर माझ्या आईला काहीच सांगावं लागलं नाही. उलट तिनेच नातीला लोखंडाचं सोनं करणाऱ्या परिसाच्या ओव्या ऐकवल्या. टॉल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने अनुवाद केलाय. केवढं प्रचंड काम! तेराव्या वर्षी मात्र तिथून सुरुवात नको. आधी ‘द हॉबिट’. 1937 चं, टॉल्किन यांनी आपल्या मुलांना सांगितलेल्या गोष्टीतून आलेलं. ताई, त्यातही नकाशा आहे, आणि त्यावर चंद्रप्रकाशातच दिसणारी अक्षरं!

ऐरोलीची_फ्लेमिंगो

मी अकरावीत आहे. इथे सगळे काका-काकू आहेत पण मला राहवलं नाही.

काकू, तुमच्या मुलीला प्लीज प्रत्येक प्रकरणानंतर ‘यातून काय शिकलीस’ असं विचारू नका. मला घरी असं विचारायचे आणि मग मी पुस्तकं बाथरूममध्ये वाचायला लागले. विचारायचंच असेल तर ‘पुढे काय झालं’ विचारा. आम्हाला तेच सांगायचं असतं.

माझ्याकडून टेरी प्रॅचेट यांचं ‘द वी फ्री मेन’. टिफनी एकिंग, वय वर्षं नऊ, मेंढपाळांच्या घरातली. ओढ्यातून एक राक्षसीण वर येते. परीकथांच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की तिचे डोळे सूपच्या बशीएवढे. टिफनी घरी जाऊन सूपची बशी मोजते. आठ इंच! मग ती तळायचा तवा घेते आणि धाकट्या भावाला आमिष म्हणून ओढ्याकाठी बसवते. मी हे वाचलं आणि ठरवलं की मला हिच्यासारखं व्हायचंय. मला सायन्स आवडतं आणि जादूही आवडते, आणि त्याआधी मला वाटायचं की दोन्हीतलं एक निवडावं लागतं.

पाच भाग आहेत आणि टिफनी वाचणाऱ्याबरोबर मोठी होत जाते. तिची आजी पहिलं पुस्तक सुरू होण्याआधीच गेलेली असते, पण प्रत्येक पानावर असते. माझी आजी गेली त्या वर्षी मी हे दुसऱ्यांदा वाचलं. त्यातले छोटे निळे लोक स्कॉटिश ढंगाचं इंग्रजी बोलतात, ते पहिल्यांदा कळत नाही. मोठ्याने वाचलं की कळतं.

खाडीपलीकडची

बाळा, तू लिहिलंस ते फार बरं झालं. ‘पुढे काय झालं’ हा प्रश्न मी फ्रिजवर लिहून ठेवलाय.

पामबीच_आई

एक सावधगिरीची सूचना, पुस्तकाबद्दल अपार आदर ठेवून. फिलिप पुलमन यांचं ‘नॉर्दर्न लाइट्स’ बाराव्या वर्षी माझ्या मुलाला दिलं. त्या जगात प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात त्याच्यासोबत चालतो. मुलांचे प्राणी क्षणाक्षणाला रूप बदलतात आणि वयात येताना एका रूपात स्थिर होतात. वाढण्याबद्दल याहून सुंदर कल्पना मी तरी वाचली नाही. पण शेवट अतिशय कठोर आहे. मुलगा रात्री साडेअकराला आमच्या खोलीत आला आणि काही न बोलता मध्ये झोपला. मी आधी वाचलं असतं तर त्या रात्री त्याच्या शेजारी बसले असते. देऊ नका असं म्हणत नाही. बरोबर वाचा.

कळव्याचा_पूल

हे सगळ्याच पुस्तकांना लागू आहे. मुखपृष्ठावरच्या वयापेक्षा घरातल्या माणसाने आधी वाचलेलं असणं जास्त उपयोगी पडतं.

घणसोली_घरकुल

कुणी ‘हाऊल्स मूव्हिंग कासल’ म्हटलं नाही म्हणून मी म्हणते. डायना विन जोन्स, 1986. टोप्यांच्या दुकानात बसून आयुष्य जाणार असं ठरवून टाकलेली सोफी शापाने एका दिवसात म्हातारी होते, आणि म्हातारी झाल्यावरच तिला मनातलं बोलायची हिंमत येते. वाड्याच्या दाराला चार रंगांची मूठ आहे, रंग फिरवला की दार वेगळ्या गावात उघडतं. यावरचा जपानी दिग्दर्शक मियाझाकींचा चित्रपट पाहिला असला तरी पुस्तक वाचा, बरंच वेगळं आहे. माझ्या दोन्ही मुलींचं वाचून झालंय, प्रत हवी असेल तर देते.

खाडीपलीकडची

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

‘अर्थसी’ आणलं. पहिलं प्रकरण रात्री मोठ्याने वाचलं. येऊरताई, धुक्यापाशी थांबून मी खरंच उठले. तिने पुस्तक हातातून काढूनच घेतलं. शाळेतून आल्यावर, ठाण्याला मामाकडे जाताना लोकलमध्ये, सगळीकडे पुस्तक. राबाड्याला गाडी थांबलेली असताना एकदम म्हणाली, “आई, त्याने गर्वाने जे सोडलं ना, ते त्याच्याच मागे लागलंय.” शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण गं? तिने त्यांना ठाणं येईपर्यंत सगळी गोष्ट सांगितली. पाच महिन्यांपूर्वी हीच मुलगी पाहुण्यांसमोर बोलत नव्हती.

कपाटाच्या दारावर दुसरा नकाशा आलाय. यात खाडी आहे, पारसिकचा डोंगर आहे, घारापुरी आहे, आणि मधल्या पाण्यात तिने स्वतःची अकरा बेटं घातलीत. गुणाढ्याची गोष्ट सांगितली त्या रात्री ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, “जळलेल्या सहा लाखांत काय असेल?” त्यातल्या एका बेटाचं नाव आता गुणाढ्य आहे.

आणि परवा तिने पत्रिका काढायला लावली. नणंदेला मुद्दाम बोलावलं, बारशाला तिनेच कानात नाव सांगितलं होतं. तिने परत कानात सांगितलं. मी ते इथे लिहिणार होते, पण लेक म्हणाली, “आई, असं सगळ्यांना सांगायचं नसतं.”

आता दुसरा भाग ‘द टूम्ब्ज ऑफ अटुआन’ हवा आहे. तिला कळलंय की त्यात अंधारातला चक्रव्यूह आहे आणि तो एका मुलीला पाठ आहे, तेव्हापासून धीर निघत नाहीये. दोन दुकानांत मिळाला नाही. कुणाकडे आहे का?

घणसोली_घरकुल

माझ्याकडे आहे. थोरलीची प्रत, समासात पेन्सिलीच्या खुणा आहेत, चालेल ना? रविवारी सकाळी अकराला घणसोली स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी या. ‘हाऊल’ही घेऊन येते. लेकीला आणा, थोरलीला तिचे नकाशे बघायचेत.